माझी पोस्ट, त्याचा पुरावा

रात्री पावणेएकला टाकलेली पोस्ट होती ती. सकाळी उठून फोन बघितला तर नोटिफिकेशन्सचा नुसता पाऊस, शाळेतल्या मैत्रिणी, जुने क्लायंट, ज्यांच्याशी दहा-दहा वर्षं बोलणं नाही असे लोक, सगळ्यांचं "बरं केलंस", "असल्यांना उघडं पाडलंच पाहिजे", आणि त्या सगळ्यात माझ्या वकील मॅडमचे चार मिस्ड कॉल. मला वाटलं तारीख पुढे ढकलली असेल. फोन लावला तर मॅडम आधी काही बोलल्याच नाहीत, मग एकदम, "अहो, काय लिहून ठेवलंय हे? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत?"

थोडं मागचं सांगते. एका चांगल्या मित्राबरोबर मी सात वर्षं भागीदारीत बिझनेस केला. काम मी बघायचे, पैसे तो बघायचा, आणि असं जिथे असतं तिथे पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही. हिशेब लागेनात, विचारलं की उत्तरं उडवाउडवीची, शेवटी मी दिवाणी दावा लावला. त्याचं नाव, बिझनेसचं नाव, किती पैसे, कुठलं कोर्ट हे काहीच इथे लिहिणार नाहीये, त्याचं कारण पुढे येईलच.

तर पोस्ट. मी त्यात शिवी एकही दिली नव्हती हं, ह्याचा मला केवढा अभिमान होता. अगदी मोजूनमापून, भावूक वगैरे लिहिली होती, सात वर्षांची मैत्री, विश्वास, पाठीत खंजीर. आणि मधे एक वाक्य होतं जे मला स्वतःला फार आवडलं होतं, दोनदा तरी वाचलं असेल पोस्ट करायच्या आधी. "हा माणूस कसा आहे ते मला तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं, पण मैत्रीखातर मी गप्प बसले."

आता हे वाक्य खरं होतं का? अर्धवट. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्याचं माझं एकदा वाजलं होतं, तेव्हा मनात येऊन गेलं होतं की हा साधा नाही. पण पैसे गायब होतायत हे मला बँकेची स्टेटमेंट्स हातात पडल्यावरच कळलं, दावा लावायच्या काही महिने आधी, आणि दाव्यात मी तेच शपथेवर लिहून दिलं होतं. पोस्टमधलं वाक्य नुसतं वजन येण्यासाठी होतं. आपण किती सोसलं हे दाखवायला माणूस चार वर्षं मागे जातोच.

मॅडमनी मला मुदत ही भानगड तेव्हा नीट समजावली, जी आधी समजावली असती तर बरं झालं असतं (समजावली होती म्हणे, मी ऐकली नसेल). दिवाणी दावा कधीही उठून लावता येत नाही, त्याला ठरावीक वर्षांची मुदत असते. फसवणूक झाली असेल तर बऱ्याच देशांच्या कायद्यात ते घड्याळ फसवणूक कळल्यापासून किंवा डोळे उघडे ठेवले असते तर कळली असती तिथपासून चालू होतं. म्हणजे मला कधी कळलं हा दाव्याचा कणा होता. आणि मी माझ्या हातानं, माझ्या फोटोखाली, तारीख-वेळेसकट जाहीर करून टाकलं की मला केव्हाच कळलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उलटतपासणीला त्याचे वकील अजिबात चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी भांडायच्या तयारीनं गेले होते आणि हे गृहस्थ एकदम मऊ. एक कागद पुढे केला, "हे अकाउंट तुमचंच ना?" हो. "पोस्ट तुम्हीच लिहिलीत? कुणी लिहून दिली नाही ना?" नाही, मीच. "मग ही चौथी ओळ जरा मोठ्यानं वाचता का?" वाचली. जे वाक्य रात्री पावणेएकला मला भारी वाटलं होतं ते तिथे उभं राहून वाचताना माझा आवाज कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. "धन्यवाद," म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले, ह्या ओळीबद्दल एक अक्षरही विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती.

ह्यातली गंमत (आता गंमत म्हणते, तेव्हा रडले होते) अशी की मी स्वतःच्या बाजूनं लिहिलेलं मला पुरावा म्हणून फारसं वापरता येत नाही, कारण स्वतःची तरफदारी कोणीही करेल, त्याला कोर्ट काय किंमत देणार. पण मी माझ्याच विरुद्ध जाणारं काही लिहिलं तर ती कबुली ठरते आणि समोरच्याला ती बिनदिक्कत वापरता येते. म्हणजे पोस्टमधल्या चाळीस ओळींपैकी एकोणचाळीस फुकट गेल्या आणि एक त्याच्या कामाला आली. हा सौदा कुठल्याही अंगानं बघा, तोट्याचाच आहे. आणि तुमचे मित्र पोस्ट वरवर वाचतात, अर्धे तर फोटो बघून लाइक करतात. शब्द न् शब्द वाचणारा वाचक एकच, समोरचा वकील, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात.

हे माझ्यासारख्या सामान्य माणसांचंच होतं असं समजू नका. २०२२ मध्ये इलॉन मस्कनं ट्विटर घ्यायचा करार केला, शेअरला ५४.२० डॉलर, एकूण साधारण ४४ अब्ज, आणि काही आठवड्यांतच खोट्या अकाउंट्सवरून कुरबुर सुरू केली. कंपनीचे सीईओ पराग अग्रवाल ट्विटरवरच मुद्देसूद समजावत होते तर ह्यानं उत्तरादाखल विष्ठेचा इमोजी टाकला. लोक हसले, झालं. पण करारात एक कलम होतं की व्यवहाराबद्दल ट्वीट करायला हरकत नाही, कंपनीची किंवा तिच्या माणसांची बदनामी होता कामा नये. जुलैमध्ये मस्कनं करारातून अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला, ट्विटरनं अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कोर्टात दावा ठोकला, आणि त्या दाव्याच्या कागदपत्रांत तो इमोजी जसाच्या तसा, स्क्रीनशॉट काढून. वर मस्कनं त्याच दिवसांत टाकलेल्या मीम्सही जोडल्या, की बघा, ह्यांना करार आणि कोर्ट दोन्ही म्हणजे थट्टा वाटते. शेवटी खटला उभा राहायच्या आधीच ऑक्टोबरच्या अखेरीला मूळ भावानंच व्यवहार पुरा झाला. इमोजीमुळे झाला असं मी म्हणत नाहीये, करारच पक्का होता. पण जगातल्या सगळ्यात महागड्या वकिलांची फौज पदरी असलेल्या माणसाचंही बोट थांबत नाही, तर आपली काय कथा.

आणि वकीलसुद्धा सुटत नाहीत. हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची आधीची बायको अँबर हर्ड ह्यांचा बदनामीचा खटला सगळ्यांनी चवीनं बघितला, १ जून २०२२ ला निकाल लागला, डेप जिंकला एवढं सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात हर्डलाही २० लाख डॉलर मंजूर झाले होते हे फार जणांच्या लक्षात नाही. कशाबद्दल? डेपच्या एका वकिलानं पेपरवाल्यांना दिलेल्या एका वक्तव्याबद्दल. हर्डची बाजू म्हणजे रचलेला बनाव आहे अशा अर्थाचं ते होतं आणि ज्युरीनं (तिथे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) ते बदनामीकारक ठरवून त्याचा भार डेपवर टाकला. कोर्टात बोलायचं ते बाहेर बोलले.

हा मुद्दा जरा महत्त्वाचा आहे म्हणून थांबते. दाव्यात तुम्ही समोरच्याला लबाड म्हणालात, पैसे खाल्ले म्हणालात, साक्षीत तेच बोललात, तर त्यावरून तुमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा सहसा लागत नाही. कोर्टात माणसानं न घाबरता बोलावं म्हणून कायद्यानं ते कवच दिलंय, बहुतेक ठिकाणी आहे ते. पण तेच वाक्य कॉपी करून तुम्ही बाहेर टाकलंत की कवच कोर्टातच राहतं आणि वाक्य एकटं बाहेर येतं. मला वाटायचं, अरे मी जे शपथेवर लिहून दिलंय तेच तर इथे लिहितेय, त्यात काय चुकीचं. चुकीचं हे की आता ते सिद्ध करायची जबाबदारी कदाचित माझ्यावर येऊन पडते, तेही मूळ दावा चालू असताना, तेही वेगळ्या दाव्यात, वेगळी फी भरून.

त्यानं तसा प्रतिदावा केलाच. माझ्या पोस्टपेक्षा खालच्या कमेंट्स जास्त भोवल्या. माझ्या मावसभावानं, ज्याला केसमधलं ओ की ठो माहीत नाही, लिहिलं होतं की ह्याच्याशी कोणी धंदा करू नका रे, सगळीकडे फॉरवर्ड करा. आणि मी त्याला हार्ट दिलं होतं! दोन क्लायंटनी त्याचं काम काढून घेतलं म्हणे, त्याचं नुकसान त्यानं माझ्याकडे मागितलं. म्हणजे मी वादी होते, दुखावलेली, नुकसान झालेली, आणि आता मी एकाच वेळी प्रतिवादी पण झाले. तोपर्यंत न्यायाधीशांसमोर एक फसवलेली बाई आणि एक फसवणारा होता, त्यानंतर दोन भांडखोर माणसं होती.

साक्षीदाराचं तर सांगूच नका. आमचा जुना अकाउंटंट, सरळ माणूस, दोघांचंही काम केलेला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं पोस्टखाली फक्त "सत्यमेव जयते" लिहिलं. बास. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच, तुम्ही ह्या पोस्टवर कमेंट केलीत ना, म्हणजे कोण खरं हे तुम्ही साक्ष द्यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं ना? बिचारा घामाघूम. तटस्थ माणूस दोन शब्दांत माझा माणूस झाला आणि माझा माणूस झाल्यावर त्याचा मला काय उपयोग.

बरं, मग काढून टाकायची पोस्ट, असं तुम्ही म्हणाल, मी पण म्हटलं. त्या सकाळी फोनवर असतानाच माझं बोट डिलीटवर होतं. मॅडम ओरडल्या, खरंच ओरडल्या, "हात लावू नका!" कारण केस चालू असताना संबंधित काहीही पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि ते मूळ पोस्टपेक्षा वाईट. अमेरिकेत व्हर्जिनियात एक केस झाली होती, अपघातात बायको गेलेल्या माणसानं अपघात करणाऱ्या ट्रकच्या कंपनीवर दावा लावला होता, त्याची बाजू भक्कम होती. समोरच्यांनी त्याचं फेसबुक मागितलं तर त्याच्या वकिलाच्या ऑफिसातून निरोप आला की प्रोफाइल जरा साफ करून टाका, कारण एका फोटोत तो टवाळ मजकुराचा टीशर्ट घालून हातात बिअर घेऊन उभा होता. त्यानं सोळा फोटो उडवले. २०११ मध्ये कोर्टानं वकिलाला ५,४२,००० डॉलर आणि त्याला १,८०,००० डॉलर भरायला लावले. फोटो राहिले असते तर फार तर चार भुवया उंचावल्या असत्या. आणि ते "ओन्ली फ्रेंड्स" ठेवलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना काय सांगू, तीनशे मित्रांपैकी एक जरी दोघांचा कॉमन असला तरी स्क्रीनशॉट पोचायला चहा निवायचाही वेळ लागत नाही. आमच्या बाबतीत पोस्ट पडल्यापासून अकरा मिनिटांत निघालेला स्क्रीनशॉट होता. कोणी काढला ते मला माहीत आहे. राहू दे.

शेवटी आम्ही पोस्ट रीतसर जपून ठेवली, छापून, लिंकसकट, आणि मग समोरच्या वकिलांना कळवून दिसायची बंद केली. हे सगळं करायला अर्धा दिवस गेला आणि त्या अर्ध्या दिवसाची फी मी भरली.

पण खरं नुकसान हे सगळं नाहीच, कायद्याचं काहीतरी करून निस्तरता येतं. मला त्या रात्री माहीत नव्हतं की त्याच आठवड्यात त्याच्या वकिलांनी मॅडमना तडजोडीबद्दल चाचपून बघितलं होतं. नक्की काही नाही, नुसतं "बसूया का एकदा" एवढंच. मॅडम मला दोन दिवसांनी सांगणार होत्या. दिवाणी भांडणं बरीचशी अशीच मिटतात, निकालानं नाही, कोणीतरी दमतं, कोणीतरी आकडा बोलतं, दोघंही थोडं थोडं सोडतात आणि कोणालाच कोण हरलं ते कळत नाही. हे कोणालाच न कळणं हीच त्यातली सगळ्यात मोठी सोय असते. पोस्टनंतर ती सोय गेली. आता त्याच्या घरच्यांनी वाचलं होतं, मुलाच्या शाळेतल्या पालकांनी वाचलं होतं, आणि तो एक रुपया जरी द्यायला तयार झाला असता तरी सगळ्यांनी म्हटलं असतं की बघा, खाल्ले होते म्हणूनच दिले. त्याच्या जागी मी असते तरी दिले नसते. आणि मीही कुठे मागे येऊ शकत होते? जाहीरपणे "शेवटपर्यंत लढणार" लिहून बसले होते, साडेतीनशे लोकांनी मुठीचे इमोजी टाकले होते. त्यांना काय सांगणार, की साठ टक्क्यांवर मिटवलं? पुढचे चौदा महिने निव्वळ तारखा. तो मागे लागला जाहीर माफीच्या, मी म्हटलं मेले तरी नाही.

मिटल्यावरही संपत नाही हे वेगळंच. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या माजी मुख्याध्यापकांची गोष्ट मॅडमनी मला त्या काळात सांगितली. वयावरून भेदभाव झाला म्हणून त्यांनी शाळेवर दावा लावला, २०११ मध्ये तडजोड झाली, त्यांना ८०,००० डॉलर मिळायचे होते, अट एकच की कोणाला काही सांगायचं नाही. त्यांच्या मुलीनं चार दिवसांत फेसबुकवर टाकलं की आईबाबा जिंकले, आता माझ्या युरोपच्या सुट्टीचे पैसे शाळा भरणार, आणि शेवटी शाळेला उद्देशून एक टोमणा. मुलीचे फेसबुकवर बाराशे मित्र, त्यात शाळेचेच कितीतरी आजी-माजी विद्यार्थी. शाळेनं पैसे अडवले, आणि २०१४ मध्ये अपील कोर्टानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला. ८०,००० गेले. बापानं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त घरी मुलीला सांगितलं होतं, आणि कोणता बाप सांगणार नाही.

निकाल लागल्यावर बोलण्याचं तर विचारूच नका. डोनाल्ड ट्रम्प ह्यांच्याविरुद्ध लेखिका ई. जीन कॅरल ह्यांच्या लैंगिक अत्याचार आणि बदनामीच्या दिवाणी दाव्यात मे २०२३ मध्ये ५० लाख डॉलरचा निकाल लागला, दुसऱ्याच दिवशी ट्रम्प टीव्हीवर जाऊन पुन्हा तेच बोलले, की ही बाई खोटं बोलतेय, कॅरल ह्यांच्या वकिलांनी ते बोलणं आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या दाव्यात घातलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या दाव्यात ८ कोटी ३३ लाख डॉलरचा निकाल आला, त्यातले साडेसहा कोटी निव्वळ दंडात्मक. ज्युरीपुढे हेही मांडलं गेलं की हा माणूस थांबत नाहीये. राजकारण बाजूला ठेवा, मला त्यात फक्त ते थांबता न येणं ओळखीचं वाटलं.

कारण गप्प बसणं फार म्हणजे फार अवघड असतं हो. हे कोणी सांगत नाही, सगळे वकील नुसतं "काही बोलू नका" म्हणतात आणि फोन ठेवतात. तो तिकडे पार्टीचे फोटो टाकतोय, कॉमन मित्र विचारतायत की तुमचं नक्की काय झालं, कोणीतरी सांगतंय की तो म्हणतो तूच पैसे उडवलेस, आणि तुमची तारीख तीन महिन्यांनी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कोर्टात तुमची गोष्ट तुमच्या भाषेत सांगायला मिळतच नाही, वकिलाच्या भाषेत, परिच्छेद क्रमांक घालून सांगायला लागते, आणि कोणीतरी आपलं ऐकावं ही भूक तशीच राहते. माझी पोस्ट त्या भुकेतून आली होती, दुष्टपणातून नाही. एक रात्र फार शांत झोप लागली हे पण खरं.

कोणी म्हणेल मग अन्यायाबद्दल बोलायचंच नाही का. बोला ना. एखाद्या मोठ्या कंपनीनं हजारोंना फसवलं असेल, सगळ्यांच्या कामाचं काही असेल, तर ते उघड्यावर यायलाच हवं, आणि त्यातही आधी कागद वकिलाला दाखवून. मी जे केलं ते हे नव्हतं. दोन माणसांच्या हिशेबाच्या वहीत जगाला काही रस नव्हता, त्यांना मजा हवी होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची मजा संपली. त्या साडेतीनशेपैकी कोर्टाच्या तारखेला माझ्याबरोबर आलेली एक, माझी बहीण. तिनं पोस्ट लाइक केली नव्हती.

मॅडमनी नंतर मला एक वही घ्यायला लावली, साधी, हातानं लिहायची. राग आला की त्यात लिहा, वर "वकिलांसाठी" असं लिहा, आणि वही मला आणून द्या. आधी मला ते शाळकरी वाटलं. पण त्या वहीतले दोन-तीन तपशील, तारखा, कोण कोणाला काय म्हणालं होतं ते, पुढे खरंच उपयोगी पडले, आणि उरलेली दीडशे पानं मॅडमनी वाचली की नाही मला माहीत नाही. कोणी विचारलंच तर म्हणायला एक वाक्य ठरवून दिलं होतं, "प्रकरण कोर्टात आहे, झालं की सांगते." पहिल्या महिन्यात जीभ चावत म्हणायचे, नंतर नंतर लोकांनीच विचारायचं सोडलं.

मिटलं शेवटी. कसं मिटलं, किती वर मिटलं, माफी कोणी कोणाची मागितली का, हे सांगता येणार नाही, तशी अट आहे आणि ह्यावेळी मी तिच्यावर सही करायच्या आधी ती तीनदा वाचली. हे लिहायचं होतं म्हणून मॅडमना आधी मेल केलं. त्या म्हणाल्या, त्यानं काय केलं ते लिहू नका, तुम्ही काय चुकलात ते लिहा, त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही. मी पाठवलेल्या मसुद्यातले दोन परिच्छेद त्यांनी सरळ उडवले आणि एका वाक्यापुढे लाल अक्षरांत लिहिलं, "हे वाक्य तुम्हाला फार आवडलंय ना? काढा."